आधी टेबल, मग खुर्ची

पुणे

चि. मुक्ता,



तुझ्या आईचा फोन आला आणि पाठोपाठ तुझा भलामोठा मेसेज. आई म्हणते, 'तूच समजाव तिला.' तू म्हणतेस, 'मामा, तूच समजाव आईला.' मायलेकींच्या मध्ये पडायची माझी हौस केव्हाच फिटली आहे, तेव्हा आईचं आई बघून घेईल. मी तुझ्याशीच बोलतो.

प्रश्न एवढाच ना, की अंधेरीतली एडिटची नोकरी सोडून त्या बारा दिवसांत उरकायच्या सिनेमाचं दिग्दर्शन घ्यायचं की नाही? संहिता दुसऱ्याची, नट निर्मात्याने आधीच ठरवलेले, एडिट निर्मात्याचा पुतण्या करणार आणि पोस्टरवर नाव मात्र तुझं. वर तू लिहितेस, 'आयुष्यभर काय दुसऱ्यांचंच जोडत बसू?' हे वाक्य वाचलं आणि मला इंग्रज दिग्दर्शक डेव्हिड लीन आठवला. तुझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर वाळवंटातून उंटावरून येणारा जो काळा ठिपका आहे, तो त्याच्याच 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मधला. चित्र लावलंस, पण माणूस वाचला नसशील. मी धंद्यातला नव्हे. बँकेत नोकरी केली, संध्याकाळी फिल्म सोसायटीच्या खुर्च्या मांडल्या आणि लॉ कॉलेज रोडच्या फिल्म संग्रहालयात जे दाखवतील ते पाहिलं. त्यामुळे कात्री कशी चालवावी हे मी तुला सांगायला जाणार नाही. ती कात्री एका माणसाने किती वर्षं हातातून सोडली नाही, तेवढं सांगतो.

लीनचा जन्म १९०८चा, लंडनला लागून असलेल्या क्रॉयडनमधला. घर क्वेकर पंथाचं. साधी राहणी, मौन प्रार्थना आणि सिनेमाला सक्त बंदी. शाळेत स्वारी ढ. धाकटा भाऊ हुशार म्हणून ऑक्सफर्डला गेला आणि याला बापाच्या हिशेबनिसांच्या कचेरीत आकडे मांडायला बसवलं. लहानपणी एका काकाने दिलेला ब्राउनीचा डबा कॅमेरा हेच काय ते त्याचं वैभव. कचेरीत तो इतका कंटाळला की शेवटी नात्यातल्या एका बाईंनी विचारलं, अरे, घरभर सिनेमाची मासिकं पडलेली दिसतात, मग सिनेमातच का जात नाहीस? तोवर हे त्या बहाद्दराला सुचलंच नव्हतं!

१९२७ साली तो गोमाँ कंपनीच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत गेला. आधी बिनपगारी. चहा पोचव, निरोप पोचव, क्लॅप दे. मग हळूहळू कापण्या-जोडण्याच्या खोलीत शिरला आणि १९३०च्या सुमारास बातमीपटांचा संकलक झाला. बातमीपट म्हणजे काय, याची तुझ्या पिढीला कल्पना यायची नाही. सकाळी फिल्म यायची, संध्याकाळी थिएटरात लागायची. घोड्यांची शर्यत, राजाची मिरवणूक, कुठे आगबिग लागलेली. यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं, हे तासा-दोन तासांत ठरवायचं आणि पुन्हा शूट करायची सोय नाहीच. लीनचा हात तिथे बसला. पुढच्या दहा-बारा वर्षांत इंग्लंडातल्या पहिल्या फळीच्या संकलकांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. १९३८चा 'पिग्मॅलियन' त्याने कापला. हो, ज्या नाटकावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं, त्याच बर्नार्ड शॉच्या नाटकाचा सिनेमा. पुढे '४९वा पॅरलल'ही त्यानेच.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. लीन स्टुडिओत शिरला त्याच १९२७ साली ब्रिटिश पार्लमेंटने एक कायदा केला: थिएटरवाल्यांनी आणि वितरकांनी ठरावीक टक्के सिनेमे ब्रिटिश ठेवलेच पाहिजेत. हेतू चांगला, हॉलिवुडच्या लोंढ्यापुढे देशी धंदा तगावा. झालं भलतंच. वितरक बहुतेक अमेरिकन कंपन्यांचे. त्यांनी कोटा भरायला मिळतील तितके स्वस्त सिनेमे करवून घेतले. तयार फिल्मच्या फुटाला एक पौंड, असा भाव पडला होता. दोन-तीन आठवड्यांत सिनेमा डब्यात. 'कोटा क्विकी' म्हणत त्यांना. कामाचा उरक असलेल्या कुठल्याही माणसाला दिग्दर्शक करायला हे लोक तयार होते आणि लीनलाही असे सिनेमे देऊ केले गेले. त्याने ते घेतले नाहीत. पहिल्याच सिनेमावर आपलं नाव वाईट रीतीने लागलं तर ते पुसता येत नाही, असा त्याचा हिशेब होता. कचेरीत काढलेली वर्षं अगदीच फुकट गेली नव्हती म्हणायची.

तू लगेच मायकेल पॉवेलचं नाव माझ्या तोंडावर फेकशील, म्हणून मीच घेतो. पॉवेलने १९३१ ते १९३६ या काळात वीसच्या वर क्विकी काढल्या आणि त्यांतूनच तो घडला. 'रेड शूज'वाला पॉवेल लीनपेक्षा कमी दर्जाचा दिग्दर्शक आहे असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. उलट, खरं सांगायचं तर काही बाबतींत मला पॉवेल जास्त आवडतो, त्याला वेडेपणा करायची भीती नव्हती. १९४१ साली गंमत अशी झाली की '४९वा पॅरलल' दिग्दर्शित केला पॉवेलने आणि कापला लीनने. दोन वाटांनी निघालेले दोघे एकाच खोलीत भेटले. मग वाट कोणती बरोबर? माझं मत सांगतो. पॉवेलची शाळा चालली, कारण एका क्विकीनंतर महिन्या-दोन महिन्यांत दुसरी ठरलेली होती. एक फसली तर पुढचीत सुधारायची, आणि फसलेलीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. तुला वीस सिनेमे कुणी देऊ केलेले नाहीत. एक दिला आहे, आणि तो फसला तर नेटवर कायमचा राहील. पॉवेलची सोय तुला नाही, म्हणून लीनचा हिशेब तुला लागू.

पण लीन नुसता थांबला नाही, हेही पाहा. थांबणं म्हणजे गप्प बसणं असं समजून तू पुढची दहा वर्षं त्या काळोख्या खोलीत काढलीस तर मीच तुझे कान धरीन. १९४२ साली नोएल कॉवर्डला युद्धावर सिनेमा काढायचा होता, 'इन विच वी सर्व्ह'. माउंटबॅटनच्या 'केली' या युद्धनौकेवर बेतलेला. ती नौका १९४१ साली क्रीटजवळ बुडाली होती. कॉवर्ड नाटकवाला, रंगभूमीचा राजा, पण कॅमेरा कुठे ठेवायचा हे त्याला माहीत नव्हतं. त्याला तंत्र जाणणारा माणूस हवा होता आणि लीनचं नाव पुढे आलं. तेव्हा लीनने 'आपल्याला संधी मिळते आहे' म्हणून हात जोडले नाहीत. दिग्दर्शक म्हणून श्रेयनामावलीत कॉवर्डच्या बरोबरीने माझं नाव येईल, अशी त्याने अट घातली. ती मान्य झाली. काही आठवड्यांत कॉवर्ड सेटवरच्या कंटाळवाण्या कामाला वैतागला आणि अभिनयापुरता उरला. बाकीचा सिनेमा लीनच्या हातात आला. चौतिसाव्या वर्षी, संकलनाच्या टेबलावर एवढी वर्षं घालवून, तो दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बसला तो असा. मागायची वेळ आली तेव्हा त्याला नेमकं काय मागायचं ते माहीत होतं.

आता तुला एक काम सांगतो. हे पत्र बाजूला ठेव आणि 'ब्रीफ एन्काउंटर' पुन्हा बघ. १९४५चा आहे. दीड तासाच्या आतला, काळा-पांढरा, एका रेल्वे स्टेशनच्या चहाच्या दुकानात घडणारा. पहिली पाच-सात मिनिटं नीट बघ. एक बाई आणि एक पुरुष टेबलाशी बसलेत. तेवढ्यात तिच्या ओळखीची एक बडबडी बाई येऊन टपकते आणि बसूनच घेते. पुरुषाची गाडी येते. तो उठतो, आधीच्या बाईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि जातो. बडबडी बाई चॉकलेट घ्यायला काउंटरपाशी जाते. कॅमेरा तिच्याबरोबर जातो. ती वळून बघते तर मैत्रीण जागेवर नाही. जरा वेळाने मैत्रीण परत येते, बरं वाटत नाही म्हणते. संपलं. यात काय आहे? काही नाही.

मग सिनेमा मागे जातो आणि आपल्याला त्या दोघांची सगळी हकिगत कळते. दोघेही आपापल्या घरी संसारात असलेले, काही गुरुवार चोरून भेटलेले, आणि आज कायमचे दुरावणारे. शेवटी तोच प्रसंग पुन्हा येतो. तीच बडबड, तीच गाडी, खांद्यावर तोच हात. पण या वेळी कॅमेरा काउंटरकडे जात नाही. तो तिच्याजवळ राहतो. चौकट कलते, ती धावत फलाटावर जाते आणि आपल्याला कळतं की पहिल्या वेळी आपण चॉकलेटची खरेदी बघत असताना ही बाई एक्सप्रेसखाली उडी टाकायला गेली होती.

मुक्ता, अभिनय सुंदर आहे, सेलिया जॉन्सनचे डोळे विसरता येत नाहीत, रचमानिनॉव्हचं संगीत आहे, सगळं आहे. पण हा शेवट जे करून जातो ते टेबलावर बसलेल्या माणसाचं डोकं आहे. पहिल्यांदा काय दाखवायचं नाही, हे कळायला आयुष्यभर दुसऱ्यांचं फुटेज टाकून दिलेलं असावं लागतं. तू ज्याला 'दुसऱ्यांचं जोडणं' म्हणतेस ते हेच शिक्षण, आणि तुला त्याचा पगारही मिळतो आहे. (त्या स्टेशनचं शूटिंग उत्तरेला कार्नफोर्थला रात्री-बेरात्री झालं. युद्ध चालू होतं. हवाई हल्ला झालाच तर विमानं तिथवर पोचेपर्यंत दिवे मालवायला वेळ मिळेल, एवढं ते ठिकाण लांब होतं. बजेट कमी म्हणून रडणाऱ्या तुझ्या मित्रांना हे ऐकव.)

पुढे पैसा आला, पडदा रुंद झाला. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', 'ऑलिव्हर ट्विस्ट', मग १९५७चा 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय', श्रीलंकेच्या जंगलात काढलेला, सात ऑस्करवाला. मधले चार-पाच सिनेमे मी सोडून देतो. वाईट नाहीत, पण तुला त्यांची आत्ता गरज नाही. 'लॉरेन्स'मधली एकच गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. लॉरेन्स पेटती काडी फुंकतो आणि थेट वाळवंटातला सूर्योदय येतो, तो कट तू हजारदा पाहिला असशील. संहितेत तिथे डिझॉल्व्ह लिहिला होता. काडीचं चित्र हळूहळू विरत जाणार आणि वाळवंट उमटणार. पण डिझॉल्व्ह लॅबमध्ये करून आणावा लागे, तोवर कामाच्या प्रतीत दोन शॉट नुसतेच चिकटवून ठेवत. ती प्रत बघताना संकलक अ‍ॅन कोट्सच्या आणि लीनच्या लक्षात आलं की हे असंच चांगलं आहे. लीनने तिला सांगितलं, हे जवळपास बिनचूक आहे, घेऊन जा आणि अगदी बिनचूक करून आण. तिने दोनेक फ्रेमा कमी केल्या. बस्स. चोवीस फ्रेमांचा सेकंद, त्यातल्या दोन. इतका मोठा माणूस, पावणेचार तासांच्या आसपासचा सिनेमा, तीन देशांत पसरलेलं शूटिंग, आणि भांडण चाललंय दोन फ्रेमांसाठी. त्या कामाला कोट्सबाईंना ऑस्कर मिळालं. तुझ्यासारखीच ती बाई. दिग्दर्शिका न होताही तिचं काहीही अडलं नाही, हेही मनाच्या एका कोपऱ्यात असू दे.

लीनची आरती मी ओवाळतोय असं तुला वाटायच्या आत दुसरी बाजू सांगतो. 'डॉक्टर झिवागो'नंतर त्याने १९७०ला 'रायन्स डॉटर' काढला. आयर्लंडच्या डिंगल किनाऱ्यावर अख्खं दगडी गाव उभारलं आणि एका वादळासाठी महिनोन्‌महिने समुद्राकडे डोळे लावून बसला. गोष्ट काय, तर एका विवाहित तरुणीचं एका सोल्जरवर मन बसतं. जेमतेम 'ब्रीफ एन्काउंटर'एवढा जीव, आणि त्यावर तीन तासांहून जास्त आभाळ. न्यूयॉर्कच्या अल्गाँक्विन हॉटेलात समीक्षकांनी त्याला बोलावून तोंडावर सोलून काढलं. 'ब्रीफ एन्काउंटर' करणारा माणूस असलं काही कसं करू शकतो, असं रिचर्ड शिकेलने विचारलं. पॉलिन केलनेही कसर ठेवली नाही. लीन इतका दुखावला की पुढची चौदा वर्षं त्याचा एकही सिनेमा आला नाही, अशी दंतकथा आहे. ती अर्धीच खरी. त्या काळात 'बाउंटी' जहाजावरच्या बंडाच्या गोष्टीवर त्याने आणि पटकथाकार रॉबर्ट बोल्टने वर्षं घातली आणि तो बेत पैशांपायी कोसळला. पण घाव बसला होता हे खरं. माझं म्हणशील तर समीक्षकांची रीत वाईट होती, मुद्दा बरोबर होता. तुलाही कुणीतरी असं सोलेल. त्या दिवशी रडून घे, आणि मग त्यांचा मुद्दा कुठे लागू पडतो ते बघ.

आणखी एक. काम सांभाळताना त्याने माणसं सांभाळली नाहीत. सहा लग्नं केली. पहिल्या लग्नाचा मुलगा बापाला फारसा कधी दिसलाच नाही. त्याचा स्वतःचा बापही तो शाळकरी असताना घर सोडून गेला होता, म्हणजे ते दुःख त्याला माहीत होतं, तरीही. प्रतिभेच्या नावाखाली या गोष्टी माफ करायची लोकांना सवय असते. मला नाही. तुझी आई रात्री अकराला फोन करते तो उचलत जा, एवढंच.

शेवटचा सिनेमा १९८४चा, 'अ पॅसेज टू इंडिया'. बंगलोरच्या आसपास काढलेला. 'शोले'चं रामनगर तिथून जवळच. निर्मात्यांपैकी एक लॉर्ड ब्रेबर्न, म्हणजे माउंटबॅटनचा जावई. पहिला सिनेमा सासऱ्याच्या बोटीवर, शेवटचा जावयाच्या पैशाने, असं आपलं सहज. त्यात प्रोफेसर गोडबोल्यांचं काम त्याने अ‍ॅलेक गिनेसला दिलं. आपला गोडबोले, आणि तोंडाला रंग फासलेला इंग्रज! रोशन सेठ, सईद जाफरी, व्हिक्टर बॅनर्जी सेटवर हजर असताना! जुनी मैत्री आणि जुनी सवय माणसाला कुठे आंधळं करते ते तिथे बघायला मिळतं. त्याला हिंदुस्थानची ओढ होती, एक पत्नी भारतीय होती, पन्नाशीत गांधीजींवर सिनेमा काढायच्या तयारीने तो इथे येऊनही गेला होता. तो सिनेमा अखेर अ‍ॅटनबरोने केला, आणि आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांना त्यात ऑस्कर मिळालं. तरी गोडबोले त्याला जमला नाही.

पण या सिनेमाची श्रेयनामावली मुद्दाम बघ. दिग्दर्शन डेव्हिड लीन, पटकथा डेव्हिड लीन, आणि संकलन डेव्हिड लीन. ७६व्या वर्षी, नाइटहूड मिळालेला माणूस, शंभर संकलक दारात उभे करू शकला असता. तो स्वतः टेबलावर जाऊन बसला. तिन्हींसाठी ऑस्करची नामांकनं मिळाली. उण्यापुऱ्या सोळा सिनेमांत त्याची कारकीर्द संपली. १९९१ साली गेला तेव्हा 'नोस्ट्रोमो' या पुढच्या सिनेमाची तयारी पुरी होत आली होती.

तर शुक्रवारी त्या निर्मात्याकडे जाशील तेव्हा पैशांचं बोलू नकोस. दोन गोष्टी माग. एडिट तू करणार, आणि लॉक झाल्यावर पुतण्याने त्याला हात लावायचा नाही, असं कराराच्या कागदावर लिहून माग. आणि बाराचे वीस दिवस माग. दिले, तर माझे आशीर्वाद आहेत. खुशाल नोकरी सोड, आईला मी सांगतो. नाही दिले, आणि माझा अंदाज आहे की तो देणार नाही, तर त्याचा चहा पिऊन, नमस्कार करून परत ये आणि सोमवारी शिफ्टला जा. संध्याकाळी स्वतःची संहिता लिहायला घे. पहिला खर्डा मला पाठव. व्याकरण मी तपासतो, बाकी तू बघ.

तुझा,
मामा